गुंडाचे बावन्न टक्के

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या गल्लीतनं एक गाडी जाती. तीन चाकी, बॅटरीवरची, हिरवी. आवाज म्हनाल तर न्हाईच, निस्ती घुंईं करती आनि फुडं सरकती. गाडीवर आमचा गुंडा पैलवान बसलेला असतोय. अंगात धुतलेली बंडी, खांद्यावर टॉवेल, मान अशी ताठ की जनू ह्येची मिरवनूकच निघालीय. त्यो तालमीकडं चाललेला असतोय आनि मी कट्ट्यावर मशेरी लावत उभा असतो. त्यो हात वर करून म्हनतोय, "काय आकाराम, बरं हाय न्हवं?" मी बी हात वर करतो. गाडी कोपऱ्यावर वळली की मी अशी पिंक टाकतो की आतनं बनुबाई म्हनती, "आवं, त्या भितीला परवाच चुना दिलाय."

बनुबाई माझी बायको. तिला सगळं कळतंय, पन ती भितीवरच बोलती.

माझा राग गाडीवर न्हाई. गाडी चांगली हाय, सरकारी कामाच्या मानानं तर लयच चांगली हाय. माझा राग गुंडावर हाय. आनि राग तरी कशाला म्हनू, उगं लोकांत बरं दिसावं म्हनून? जळतंय माझं. त्यो त्या गाडीवर बसून तालमीत जातोय आनि मी हितं भितीला धरून उभा, ह्ये बगून माझ्या पोटात जळतंय.

आमचं कुंडल म्हंजी कुस्तीचं गाव. मी आनि गुंडा एकाच वयाचं, एकाच तालमीचं, एकाच वस्तादाच्या हाताखालचं. जवानीत कुंडलच्या मैदानात आमची तीनदा कुस्ती लागली आनि तिन्ही येळा बरोबरीत सोडवली. ना त्येची पाठ मातीला लागली, ना माझी. लोकं आजून म्हनत्यात, जोडी म्हंजी तोडीस तोड. मला त्यो शब्द कवाच गोड लागला न्हाई. तोडीस तोड म्हंजी मी जिंकलो न्हाई, एवढाच त्येचा अर्थ. त्येला बी तसंच वाटत आसंल म्हना, पन त्येचं त्यो बगंल.

कुस्ती सुटली, ऊस-शेती सुरू झाली, पोरंबाळं झाली, पन सकाळची तालीम काय सुटली न्हाई. मातीच्या आखाड्याच्या ह्या कडंला मी बसायचो, त्या कडंला गुंडा. पोरं लढायची, आमी वरडून डाव सांगायचो. ज्या पोराला जे पटंल त्ये त्यानं घ्यायचं. माझ्याकडं जास्त पोरं यायची. ह्ये मी फुशारकीनं सांगत न्हाई, तालमीशेजारी ज्येची चहाची टपरी हाय त्या बादशहाला इचारा. आनि ढाक हा डाव तर माझाच. समोरच्या गड्याचा हात बगलंत घेऊन कसं फिरायचं, ते आख्ख्या कुंडलात माझ्यासारखं कुनी शिकवलं न्हाई.

मग चार-पाच वर्सांखाली उजव्या खुब्यात धरायला लागलं. दुखतंय असं मी म्हननार न्हाई. पैलवान मानूस धरतंय म्हनतोय. वस्तादांनी आमाला पैल्याच दिशी सांगितलेलं, मातीत उतरल्यावर आई गं म्हनायचं न्हाई, म्हनायचं आसंल तर घरी जाऊन आईजवळ म्हन. ती सवय अंगात मुरलीया, आता काय निघायची न्हाई.

माझी लेक दीपमाला साताऱ्याला दिलीया. तिनं मला तितल्या एका हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. त्येनं फोटो काढला, उजेडाला धरला आनि सांगितलं, सांध्यातली गादी सगळी झिजलीय, हाडावर हाड घासतंय, संधिवात हाय, सांधा बदलायला पायजे. पन माझ्या हार्टात औंदाच स्प्रिंगा घातल्यात, आनि त्या हार्टाच्या डॉक्टरनं बजावलं हुतं की वर्सभर तरी भूल द्यायची न्हाई. म्हंजी खुबा म्हनतोय मला बदल आनि हार्ट म्हनतंय गप बस. मी गप बसलो.

पन तालीम गेली. घरापास्नं तालीम गावाच्या दुसऱ्या टोकाला, वर चढाला. काठी घेऊन निघालो की मारुतीच्या देवळापतुर जायाचो आनि तितंच कट्ट्यावर बसून ऱ्हायाचो. पोरं म्हनायची, वस्ताद, मोटारसायकलवर बसा, सोडतो. आता मोटारसायकलवर बसायचं तर पाय फाकवून पलीकडं टाकायला पायजे, आनि माझा पाय टीचभर बी फाकत न्हाई. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसावं लागतंय, नव्या नवरीगत. एकदा बसलो तसा. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुन्यांदा न्हाई बसलो.

गुंडाचं बी तेच. त्येचा डावा खुबा. मला वाटतंय आमी दोघांनी एकमेकांचंच खुबं मोडलं आसतील त्या तीन कुस्त्यांत. त्यो बी घरात पडून हुता तवर मला काय वाटत नव्हतं, खरं सांगतो. त्यो बी न्हाई, मी बी न्हाई. आखाड्याच्या दोन्ही कडा मोकळ्या. तोडीस तोड.

मग ग्रामपंचायतीनं ठराव केला. दिव्यांगांसाठी जो निधी असतोय त्यातनं दोन बॅटरीच्या गाड्या घ्यायच्या, एक लगीच आनि एक पाडव्याला. ज्येच्याकडं चाळीस टक्के न्हाईतर त्येच्या वरचं सरकारी सर्टिफिकेट त्येलाच मिळनार. मला आदी त्यो शब्दच सोसंना. मी, आकाराम पैलवान, दिव्यांग? पन रातभर इचार केला. तालमीत जायचं तर गाडी पायजे, गाडी पायजे तर सर्टिफिकेट पायजे. दीपमालानं साताऱ्यात बसून मोबाइलवर माझा अर्ज भरला. आनि गुनाची पोर माझी, गुंडाच्या सुनंला मोबाइलवर काय जमंना म्हनून तिनं गुंडाकाकाचा बी भरला. मला म्हायती आसतं तर तिचा फोन काढून घेतला आसता.

आमाला सांगलीच्या सरकारी दवाखान्यात एकच दिस मिळाला. आता हितं माझं काय चुकलं त्ये आयका. गडी तपासायला चाललाय म्हनल्यावर आमच्यात काय करत्यात? अंगाला तेल लावत्यात. आदल्या सांजंला बनुबाईकडनं खुबा तेलानं चोळून घेतला. सकाळी दोन गोळ्या घेतल्या. इस्त्रीचं धोतर नेसलो, गुलाबी पटका बांधला. तपासायला जायचं आनि मरगळलेलं जायचं, ह्ये आमाला कुनी शिकवलंच न्हाई. कुस्तीच्या मैदानात वजन करायला जायचो तवा बी असंच जायाचो. गुंडा तसाच आला, चुरगाळलेला लेंगा, दाढी वाढलेली. मी मनात म्हनलं, ह्येला कायच कसं वाटत न्हाई.

आत पैला गुंडा गेला. बराच वेळ आत हुता. बाहीर आला तवा टॉवेलनं डोळं पुसत हुता आनि सून त्येच्या पाठीवरनं हात फिरवत हुती. मी म्हनलं, बगा, सोंग बगा. तालमीत ज्यो कवा हूं म्हनला न्हाई त्यो डॉक्टरफुडं रडून आला.

मग माझं नाव पुकारलं. मी काठी बाहीरच बनुबाईकडं दिली आनि आत गेलो. सरळ गेलो, बरं का. खुबा आतनं वरडत हुता, पन चाल मोडली न्हाई. डॉक्टर म्हंजी निस्तं पोरगं, मनगट बगाल तर ज्वारीच्या ताटासारखं. बोलायला गोड हुता. टेबलावर झोपवलं, पाय हिकडं फिरवला, तिकडं फिरवला, कोन मोजला. मग म्हनला, "काका, गुडघा वाकवा. आता तुमच्या तळव्यावर माझे हात आहेत. जोर लावून मला ढकला."

आता तुमीच सांगा. चाळीस वर्सं ज्यानं ज्यानं माझ्या अंगाला हात लावून जोर लाव म्हनलं, त्येला मी काय दिलं? मी लावला जोर. सगळा लावला. डोळ्याफुडं काजवं चमकलं, पन लावला. त्यो बसलेला त्या चाकाच्या स्टुलावर. स्टूल जे मागं सुटलं त्ये औषदाच्या कपाटावर जाऊन आदळलं. आतल्या बाटल्या खळखळल्या. नर्सबाई हसाय लागली. डॉक्टर बी हसला, चष्मा नीट केला आनि म्हनला, "काका, ताकद चांगली आहे तुमची."

"पैलवान हाय मी," मी म्हनलं.

"दुखतं का खूप?"

"छ्या. वाईच धरतंय."

बाहीर आलो त्ये छाती फुगवून. बनुबाईला म्हनलं, डॉक्टरला उडवला कपाटावर. तिनं काठी माझ्या हातात दिली. मग म्हनली, "आवं, तुमी तितं जिंकायला गेलता व्हय?" मला तिच्या बोलन्याचा अर्थ तवा कळला न्हाई. गावात आठ दिस माझंच नाव हुतं. बादशहानं टपरीवर ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी डॉक्टर खिडकीतनं बाहीर पडला हुता.

म्हयन्यानं दीपमालाचा फोन आला. मला छत्तीस टक्के. गुंडाला बावन्न.

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. ती तिकडनं म्हनती, "आबा, फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो, मी करते." मला त्यातलं कायच ऐकायला येईना. बावन्न. जलमभर ज्येच्याबरं माझा काटा सारखा बसला, त्यो एकदम माझ्या सोळा वर. आनि कशात वर? तर लंगडं असन्यात. हसू का रडू कळंना. पन जळायचं त्ये जळलंच.

गुंडाला गाडी आली. सरपंचानं हार घातला. दुसऱ्या सकाळपास्नं ती घुंईं सुरू झाली.

मी बादशहाला म्हनलं, "सोंग केलं त्येनं. पायात जोर आसताना ढिला सोडला. डॉक्टरला फसवलं, सरकारला फसवलं."

बादशहा देवळाच्या कट्ट्यावर किटली घेऊन आलता, मला चहा वतत हुता. "मग तू बी सोडायचा हुतास ढिला. कुनी धरलं हुतं?"

"मला न्हाई येत तसं."

"मग बस घरी." वर आनि म्हनतोय, "तसं तुला सांगू का आकारामभाऊ, आता सगळी पोरं गुंडा वस्तादाकडंच असत्यात. एकच कडा हाय म्हनल्यावर जातील कुटं? परवा ढाक शिकवत हुता."

ढाक. माझी ढाक. त्या दिशी मी जेवलो न्हाई. बनुबाईला म्हनलं पोट बिगाडलंय. ती म्हनली, "बिगाडनारच."

फेरतपासनीचा दिस ठरून आला. पाडवा त्येच्या फुडं पंधरा दिसांवर. म्हंजी ह्या खेपंला चाळीस झालं तर दुसरी गाडी माझी, न्हाईतर ती पलूसच्या रस्त्याला वस्तीवर एक पोरगी हाय पोलिओची, तिला जानार. तिला जाऊ दे की, चांगलंच हाय, आसं एकदा मनात आलं बी. पन मग सकाळी घुंईं आयकली आनि चांगुलपना गेला कुटच्या कुटं.

बनुबाई म्हनली, आपन सराव करू. मी बाजंवर आडवा झालो. तिनं माझ्या तळव्याला दोन्ही हात लावलं. "आता मी दाबती. तुमी निस्तं ढिलं सोडायचं. मेल्यागत." मी डोळं मिटलं. मनाला बजावलं, सोडायचं, आकाराम, ढिलं सोडायचं. तिनं दाबलं. आनि माझा पाय, माझ्या बापाला न इचारता, सुटला. बनुबाई मागं ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसली. बांगडी फुटली तिची.

"मला ढकलून काय मिळालं तुमाला?" ती म्हनली. ह्या खेपंला भितीवर बोलली न्हाई.

"म्या न्हाई ढकललं. पायानं ढकललं."

"मग पायालाच म्हना, आता गाडी आन." ती उठली, बांगडीचं तुकडं गोळा केलं. मग माझ्याकडं न बगताच म्हनली, "गुंडाभावजींकडं जावा. कसं हरायचं त्ये त्यास्नी इचारा."

मी म्हनलं, मेलो तरी जानार न्हाई. ती म्हनली, बरं. आनि भाजी निवडायला बसली. तिच्या त्या बरंची मला सवय हाय. त्येच्यावर कायच बोलता येत न्हाई.

सांगलीला जायच्या आदल्या दिशी, ऊन कलल्यावर, मी काठी घेतली आनि गेलो. गुंडाचं घर आमच्याच गल्लीच्या त्या टोकाला. दारात ती गाडी. खिडकीतनं वायर काढून तिला लावलेली, वर जुनी सतरंजी झाकलेली. मी जाता जाता त्या सतरंजीचा कोपरा उचलून बगितला. शीट मऊ हुतं. कुनी बगत न्हाई आसं बगून एकदा हात बी फिरवला.

गुंडा वट्ट्यावर खाटंवर बसला हुता. मला बगून त्येला नवल वाटलं. "ये की," म्हनला. "सूनबाई रानात गेलीया, न्हाईतर चहा झाला आसता."

"चहाला आलो न्हाई." मी त्येच्या समोर खुर्चीवर बसलो. बसताना खुब्यात जे व्हतंय त्ये झालं, पन तोंड हालू दिलं न्हाई. "उद्या सांगलीला जायचंय. फेरतपासनी."

"म्हायती हाय. दीपमालाचा फोन आलता सूनबाईला."

आता बोलायचं कसं त्ये कळंना. जलमात ज्येच्याकडं मी पान्याचा तांब्या मागितला न्हाई, त्येला इचारायचं. मी मातीकडं बगून म्हनलं, "मला एक डाव शिकीव."

"कुठला?"

"त्या डॉक्टरफुडं तू हरलास त्यो."

गुंडानं टॉवेल उचलून दुसऱ्या खांद्यावर टाकला. मला वाटलं, मुरलेला हाय, असा न्हाई सांगनार. मी म्हनलं, "म्या रडताना बगितलाय तुला. बावन्न टक्के बी बगितल्यात. पायात जोर आसताना त्यो दाबून ठिवायचा कसा, तेवढं सांग. मला जमंना. बनुबाईला ढकलली म्या काल."

"आकाराम," त्यो म्हनला, "म्या दाबून ठिवला न्हाई."

"माझ्याजवळ तरी खरं बोल."

"खरंच बोलतोय. त्येनं ढकला म्हनलं, म्या ढकललं. सगळा जोर लावला. दात खाऊन लावला." त्यो आपल्या मांडीवर हात ठिवून बोलत हुता. "त्या पोराचा हात हालला न्हाई रं. त्यो म्हनतोय, काका, लावा जोर. त्येला वाटलं मी आजून लावलाच न्हाई. म्हनून रडलो."

मी म्हनलं, "थापा मारतोस."

त्यो खाटंवर आडवा झाला. दोन्ही हातानं धरून त्यानं डावा पाय वाकवला. "लाव हात," म्हनला.

मी खुर्ची फुडं सरकवली आनि त्येच्या तळव्याला हात लावला. तीन कुस्त्यांत ह्या पायाला मी कितींदा धरला हुता. त्या येळी तो पाय म्हंजी जात्याचा खुटा, धरला की आपलंच हात सुटायचं. आता बगतो तर पिंढरी लोंबत हुती. मांडी हातात मावंल एवढीच ऱ्हायलेली. साखरंनं आनि पडून ऱ्हान्यानं सगळं खाल्लं हुतं. गाडीवर लेंग्यात हे कुनाला दिसत नव्हतं. मला बी दिसलं नव्हतं, आनि मी तर रोज बगत हुतो.

"लाव जोर," मी म्हनलं.

त्येनं लावला. मानंच्या शिरा फुगल्या, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्येनं खाटंचा दांडा धरला. माझ्या हाताला कायबी लागलं न्हाई. पोरगं झोपंत पाय ताणतंय, तेवढं बी न्हाई.

खरं सांगतो, पैलं मनात काय आलं. मी जिंकलो. इतक्या वर्सांनी मी जिंकलो. उडी मारली मनानं. आनि दुसऱ्याच घडीला माझी मलाच लाज वाटली, की ह्या पायाच्या बावन्न टक्क्यावर मी इतकं दिस जळत हुतो. गुंडा अजून जोर लावतच हुता. डोळं मिटलेलं. थांबतच नव्हता.

मी हात मागं नेला. हळूच, जनू त्येच्या जोरानंच गेला. त्येचा पाय सरळ झाला.

गुंडानं डोळं उघडलं. दम लागला हुता. "सोडलास," म्हनला.

"न्हाई. गेला हात."

"आकाराम, तुझा हात मला कळत न्हाई व्हय?"

त्यो उठून बसायला बगत हुता, मी त्येला काखंत हात घालून बसवला. तवा बी माझ्या खुब्यात कळ आली आनि तोंडातनं जरा निसटलंच. त्येनं त्ये टिपलं.

"उद्या जोर लाव," त्यो म्हनला. "हाय तवर लाव. त्यो दाबून ठिवायची गोष्ट न्हाई. पन त्येनं इचारलं हुतं का तुला, दुखतंय का म्हनून?"

"इचारलं."

"काय सांगितलंस?"

"वाईच धरतंय."

गुंडा हसला. "त्येचं बी टक्के असत्यात गड्या. दुखन्याचं. धरतंय म्हनल्यावर त्यो काय धरनार? म्या सगळं सांगितलं त्येला. तू बी सांग. तेवढंच कमी पडलंय तुला, जोर न्हाई."

"मला न्हाई यायचं. तोंडातनं फुटत न्हाई."

"हितं कोन हाय? मी तर हाय. माझ्याफुडं म्हनून बग."

सगळ्या जगात माझ्या तोंडातनं त्यो शब्द आयकायला ह्योच मानूस ऱ्हायला हुता व्हय, आसं वाटलं. उठून जावं म्हनलं तर उठता येईना, खुर्ची लय खाली हुती. मी घसा खाकरला. रस्त्याकडं बगितलं. कोन नव्हतं.

"दुखतंय," मी म्हनलं.

"कुटं?"

"हितं. जांघंत. तितनं गुडघ्यापतुर उतरतंय." एकदा तोंड उघडलं आनि मग त्ये मिटंनाच. "धोतर नेसताना पाय उचलत न्हाई. संडासला बसता येत न्हाई. कुशीवर वळलो की जाग येती, आनि बनुबाईला कळू नये म्हनून उशी दातात धरतो. सकाळी उठून भितीला धरून उभा ऱ्हातो, तवा एक पाऊल टाकायचं म्हनलं तरी घाम फुटतोय. लोकास्नी वाटतंय मी मशेरी लावतोय. मी निस्ता उभा असतो."

"आनि?" गुंडा म्हनला. डॉक्टरगत इचारत हुता, हळू.

"आनि तू गाडीवरनं जातोस." मी काठी जमिनीवर आपटली. "त्ये लय दुखतंय. त्येच्याइतकं तर खुब्यात बी दुखत न्हाई. माझ्या जाग्यावर बसून माझी ढाक शिकवतोस, त्ये ऐकून मी जेवत न्हाई. तुझा पाय मोडावा, गाडी मोडावी, सगळं मनात येतंय माझ्या. मला म्हायती हाय, चांगलं न्हाई. पन येतंय."

गुंडानं टॉवेल घेतला, तोंडावरचा घाम पुसला. मला वाटलं, आता ह्यो शिवी देनार, आनि दिली तर बरंच हुईल. त्यो माझ्या पायाकडं बगत हुता. काठीवर ठिवलेल्या हाताकडं न्हाई, तोंडाकडं न्हाई, पायाकडं.

"मला म्हायती हाय," त्यो म्हनला. "तू त्या डॉक्टरला कपाटावर आपटलास, त्ये ऐकल्यापास्नं मला बी झोप न्हाई."